वर्गात एकमेकांशी कसे वागावे?



या महिन्याच्या भित्तिपत्रकाला ‘आपला वर्ग’ असा विषय आहे. स्वच्छता आणि टापटीप यांवर बाकीच्यांनी लिहिलेच आहे. मी हसण्या-बोलण्याविषयी लिहिते.

फळ्यावर गणित होते, ४०३ वजा १७८. एकजण पुढे गेला आणि त्याने उत्तर लिहिले ३७५. झालं, सगळा वर्ग खो खो हसला. तो मान खाली घालून जागेवर येऊन बसला. आता हे ३७५ आले कुठून ते बघा. ३ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने उलट ८ मधून ३ काढले, उरले ५. दशकात तसेच, ७ मधून शून्य. शतकात ४ मधून १ गेला, राहिले ३. म्हणजे त्याला वजाबाकी येत होती, फक्त सुटे करायचे राहिले होते. एक शतक सुटे केले की १० दशक होतात. त्यातला एक दशक सुटा केला की एककाच्या घरात १३ होतात. मग उत्तर येते २२५.

खरी गंमत पुढेच आहे. बाईंनी वह्या बघितल्या तर हसणाऱ्यांपैकी चौघांच्या वहीत ३७५ च! फळ्यावरचा हसण्यावारी गेला असता आणि हे चौघे तसेच आठवीत गेले असते. तेव्हापासून आमच्या वर्गात एक रीत पडली आहे. ज्याला चूक दाखवायची असेल त्याने हात वर करायचा आणि आधी गणित कुठपर्यंत बरोबर आहे ते सांगायचे. हे वाटते तेवढे सोपे नाही. त्यासाठी दुसऱ्याचे गणित नीट वाचावे लागते.

दुसरी गोष्ट बोलीची. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कोप्यांवरची मुलं आपल्या वर्गात बसतात. त्यांच्यातला एक ‘उलीसं’ म्हणाला तर मागच्या रांगेत फिदीफिदी सुरू. उलीसं म्हणजे थोडेसे. अहो, पण आपण तरी पुस्तकासारखं कुठं बोलतो? आपण ‘वाईच’ म्हणतो! वाईच थांब, वाईच पाणी दे. ते मात्र कुणाला हसू येत नाही, कारण ते आपल्या आईचं बोलणं आहे. उलीसं हेही कुणाच्या तरी आईचंच बोलणं आहे. हसलं की तो पोरगा उद्यापासून तोंड उघडत नाही, आणि मग आपणच म्हणतो, त्याला काही येत नाही.

उशिरा येणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी कारण विचारावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. तिथली मोठी मुलं शाळेत येत नसत. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं असे, कुणाला गुरं राखायची असत. तेव्हा धाकट्यांची सोय शाळेपाशीच केली, आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आपल्याकडेही कोपीवरची एक मुलगी लहान बहिणीला कडेवर घेऊन येते. बाईंनी त्या छोटीला पुढे सतरंजीवर बसवले आहे. ती मध्येच रडते, थोडा दंगा होतो, पण मोठीची शाळा बुडत नाही.

आता पालकांना दोन शब्द. रागावू नका. तुम्ही शाळेत आलात की बाईंना म्हणता, “आमचा ढ आहे, हाणा खुशाल.” २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई आहे. कायदा राहू द्या. तुम्ही चारचौघांत ढ म्हणालात, की मधल्या सुट्टीपर्यंत तेच त्याचं नाव होतं. पुढे कितीतरी दिवस ते पुसत नाही.

या भित्तिपत्रकाखाली खोक्याची एक पेटी टांगली आहे. तुमच्या घरात, तुमच्या गावाकडे जे शब्द बोलतात ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाका, शेजारी अर्थही लिहा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ. पट्टा पडून टोळ्या गावी जाण्याआधी कोप्यांवरचे शब्द गोळा व्हायला हवेत. आतापर्यंत सतरा चिठ्ठ्या आल्या आहेत.