६० कार्डांचा डाव आणि २० कार्डांचं ॲप

दिवाळीच्या सुट्टीत माझा सहावीतला मुलगा आणि शेजारच्या काकूंचा पुण्याहून आलेला नातू चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण झालं ते पोकेमॉनच्या कार्डांवरून.

ओसरीवर डाव रंगला होता. नातवाच्या पाण्याच्या पोकेमॉननं माझ्या मुलाच्या आगीच्या पोकेमॉनवर ६० चा अटॅक केला. समोरच्याचे एचपी, म्हणजे जीव, १००. आगीची वीकनेस पाणी, म्हणून नातू म्हणाला, ‘दुप्पट होतात, १२०. तुझा आउट.’ मुलगा म्हणाला, ‘२० च वाढतात, ८०. माझा अजून जिवंत आहे.’ मग रडत आत आला, ‘आई, तो चीटिंग करतोय.’ मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी आपल्या लेकराची बाजू घेतली आणि पाहुण्या पोराला बोलले. त्याचं तोंड एवढंसं झालं. ते मला अजून डाचतं.

आमच्या मेहकरात नियम विचारायला जावं असं ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून रात्री बसून मीच शोधलं, तेव्हा उलगडा झाला: दोघं दोन वेगळे खेळ शिकले होते. जपानमध्ये १९९६ साली निघालेला मूळ कागदी खेळ ६० कार्डांचा. मूळ एनर्जी कार्डं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं, सुरुवातीला हातात ७, बाजूला ६ बक्षीस-कार्डं, आणि आता वीकनेस असली की मार दुप्पट. माझा मुलगा शिकला होता ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ॲपवर. तिथे डेक २० कार्डांचा, एका नावाची २ च, हातात ५, एनर्जीची कार्डं डेकमध्ये नाहीतच, ३ गुण झाले की जिंकलं, आणि वीकनेसला फक्त २० जास्त. कागदी डावात पहिली पाळी असणाऱ्याला त्या पाळीत अटॅक करता येत नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. ॲपनं जे शिकवलं तेच सांगत होतं.

म्हणून पालकांना सांगते, मुलं नियमांवरून भांडत आली की निवाडा करू नका. आधी विचारा, ‘हे कुठे शिकलास?’ कागदी खेळाचे नियम पक्के करायचे असतील तर ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ हे दुसरं ॲप आहे, जून २०२३ मध्ये आलेलं, फुकट. ते ६० कार्डांच्याच नियमांनी चालतं आणि चुकीची चाल करूच देत नाही. दोन डाव त्यावर खेळले की निम्मे वाद आपोआप मिटतात. आणि कार्डावर छापलेला मजकूर नेहमीच्या नियमाला अपवाद सांगत असेल, तर कार्डाचं ऐकायचं.

खऱ्या पाकिटात जे कोडचं कार्ड निघतं, तेही लाइव्हवरच चालतं, पॉकेटवर नाही, आणि एकदाच. वापरलेला कोड कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

कार्डांचं तर विचारूच नका. बालाजीच्या दर्शनाहून परतताना मी मुलाला सोनेरी कार्डांचा एक डबा घेऊन दिला होता. चकचकीत, प्लॅस्टिकसारखी कार्डं. नातवानं बघताक्षणी सांगितलं, ‘काकू, ही खोटी आहेत.’ मी ऐकलं नाही. नंतर एका संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून काकूंकडच्या खऱ्या कार्डाशी ताडून पाहिलं. खऱ्या कार्डाच्या कागदात मधोमध काळसर थर असतो, कडेनं बारीक रेघ दिसते, उजेड फारसा आरपार येत नाही. आमच्या कार्डांच्या कडेला तसली रेघच नव्हती. मागचा निळा रंग फिका, आणि एका कार्डावर तर नावाचं स्पेलिंगच चुकलेलं. अशा सोनेरी कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे स्वस्तात मिळत असतील तर ती खोटीच समजा. खेळायला हरकत नाही, पण ‘पुढे भाव येईल’ म्हणून पैसे घालू नका, आणि त्यांच्या बदल्यात कुणा मुलाचं खरं कार्ड घेऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त रडू आलं ते पॉकेट ॲपच्या खात्यावरून. मुलगा आजोबांच्या फोनवर खेळायचा. फोन दुरुस्तीला गेला, सगळा साफ होऊन आला, आणि कित्येक महिन्यांत जमवलेली कार्डं गेली, कारण आम्ही खातं कशालाच जोडलं नव्हतं. ॲपच्या मेनूत त्याची सोय असते, पाच मिनिटांचं काम. ते मोठ्या माणसाच्या ईमेलवर करा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. फोन दुकानात देण्याआधी हे झालंय का, ते स्वतः उघडून बघा. मुलाच्या ‘हो’वर जाऊ नका.

राहिला तो ६० चा वार. डाव कागदी कार्डांचा होता, तेव्हा १२० च बरोबर होते. मी पुण्याला फोन लावून त्या पोराला तसं सांगितलं, आणि माझं चुकलं हेही सांगितलं.