खोटा वाढदिवस

दिवाळीत आमच्या शिरूरच्या घरात साडेआठ हजारांचा फोन आला. ह्यांच्या रांजणगावच्या कंपनीच्या बोनसमधला. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा घरात एकच फोन होता आणि तोही ह्यांच्यासोबत शिफ्टला जायचा. मोठ्याचा वर्ग ह्यांची शिफ्ट सुटल्यावर भरायचा. धाकटीच्या वेळी तसं नको, एवढंच मनात होतं.

धाकटी सहावीत, अकरा वर्षांची. तिला फोनपेक्षा खोकं उघडण्याची घाई. पिठाच्या डब्याला माझा मोबाइल टेकवून ती कॅमेऱ्यासमोर बसली, "नमस्कार मित्रांनो!" म्हणाली. तव्यावर माझी चपाती होती. "दे इकडे, तुझं तासभर चालेल," म्हणत मी खोकं ओढलं आणि पडद्यावरची पातळ फिल्मही मीच सोलून टाकली. तिचा चेहरा उतरला. मला तो दिसला होता, पण चपातीही दिसत होती.

मग खातं उघडायची वेळ आली. फोननं जन्मतारीख विचारली. खरं साल टाकलं, तर तेराच्या आतलं मूल म्हणून पालकांची परवानगी, पालकांचं खातं, पुढचे दहा प्रश्न. कोण बसणार? मी खरं साल सोडून 2000 टाकलं.

"आई, मी पंचवीसची?" ती हसली. मीही हसले. खरं सांगा, आपण सगळेच हे करतो ना?

चार दिवसांनी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, हा मला नवरा शोधायला सांगतोय." लग्न जुळवणाऱ्यांची जाहिरात होती. तिच्याखाली झटपट कर्जाची. फोनचं काही चुकलं नव्हतं. घरात पंचवीस वर्षांची बाई आहे, हे मीच त्याला सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप लागेना. परक्यांना खरं नाव-गाव सांगू नकोस, पण आमच्याशी खोटं बोलू नकोस, हे तिला रोज ऐकवणारी मीच. आणि नव्या फोनवर पहिलं खोटं मीच टाइप केलं, तेही तिच्यासमोर.

रविवारी आम्ही फोन पुसून कोरा केला आणि परत खोक्यात ठेवला. ह्यांना सुट्टी होती, गॅस बंद होता. पिठाचा डबा पुन्हा उभा राहिला. "नमस्कार मित्रांनो!" दौंडचा मामा व्हिडिओ कॉलवर प्रेक्षक. फिल्म नव्हती, तरी तिनं ती सोलल्याचा अभिनय केला.

ह्या खेपेला तिचं खरं साल, 2014. गूगलचं फॅमिली लिंक अॅप घेऊन तिचं खातं माझ्या खात्याला जोडलं. आता नवं अॅप घ्यायचं तर मला विचारणं येतं, आणि फोन रात्री 9 ला झोपतो. ती वेळ मी लादली नाही. तिनं साडेनऊ म्हटलं, ह्यांनी साडेआठ, तडजोड 9 वर झाली. सिम ह्यांच्या नावावर, कारण अठराच्या आत ते मिळतच नाही. सगळं धरून पाऊण तास लागला. पहिल्या खेपेला मी तेवढाच वेळ वाचवला होता.

तुमच्याकडेही खोटं साल टाकलं गेलं असेल, तर मनाला लावून घेऊ नका. सवडीनं एखाद्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा बसा. फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मगच पुसा. आणि शक्य झालं तर खोकं मुलाच्याच हातात द्या. ते हळू उघडेल. उघडू द्या.

महिन्यानं मी तिला म्हटलं, "आता रिव्ह्यू कर. पण खराखुरा." तिनं वहीत लिहून आणला. खोक्यावर 8 जीबी रॅम, बारीक अक्षरांत 4 अधिक 4, म्हणजे निम्मी उधारीची. 64 जीबीतली बरीच जागा फोन स्वतःच खातो. घोडनदीच्या पुलावर दुपारचा फोटो छान येतो, दिवेलागणीला नुसता चिखल. बॅटरी मात्र दौंडला मामाकडे जाऊन दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत टिकली.

शेवटी 'तक्रार' असं लिहून खाली रेघ मारली होती. "माझा फोन 9 ला झोपतो. आईचा झोपत नाही."

मी वही मिटली. काय बोलणार? हल्ली माझा फोनही रात्री फ्रिजवर, तिच्या फोनशेजारी असतो. रोज नाही. पण ज्या दिवशी विसरते, त्या दिवशी ती आठवण करून देते. आणि मी "हो गं" म्हणत उठते.