मळणें, फेटणें आणि मिसळणें

नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या वसतिगृहांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं केक करण्याचा घाट घातला. वर्षभर आपल्यासाठीं रांधणाऱ्या मावशींना तो भेट द्यावा, असा त्यांचा मानस होता. लोणी, साखर, अंडीं, मैदा हे सर्व पदार्थ मोजून घेतले होते. विस्तवही बेताचा होता. तरी केक निघाला तो दडस व चिवट. एकानें अभिमानानें सांगितलें कीं, मैदा घातल्यावर आपण मिश्रण अर्धा तास घोटलें. मावशी हंसून म्हणाल्या, "पोरांनो, तुम्ही केकाचें पीठ रोटीसारखें मळलें." श्रम केल्यानें पदार्थ बिघडावा हें मुलांना अन्यायाचें वाटलें, म्हणून त्याचें कारण येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

गव्हाच्या पिठांत ग्लुटेनिन व ग्लायडिन अशीं दोन प्रथिनें असतात. पाणी लागून पीठ मळूं लागलें कीं, तीं परस्परांत गुंततात व त्यांचें ग्लुटेन नांवाचें लवचीक जाळें बनतें. इटलींतील बोलोन्या येथील पंडित बेकारी यांचा याविषयींचा वृत्तांत १७४५ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनीं स्वतः प्रयोग करून पाहावा. कणकेचा लहान गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवावा व मग पाण्यांत हलक्या हातानें धुवावा. पिष्ट निघून जातें व हातांत रबरासारखा लगदा उरतो. तांदुळाच्या पिठाचा गोळा मात्र पाण्यांत विखरून जातो, कारण त्यांत असें जाळें बनत नाहीं. म्हणूनच आपल्या या भाताच्या जिल्ह्यांत तांदुळाच्या पिठाची आधीं उकड काढतात. उकळत्या पाण्यानें पिष्टच चिकट होऊन पीठ धरून ठेवतें.

आतां विदर्भांतील लांब रोटी पाहा. सैल भिजविलेली कणीक स्त्रिया पुन्हां पुन्हां उचलून परातींत आपटतात, त्यामुळें जाळें बळकट होतें. मग ती थोडा वेळ मुरूं दिली कीं ताण उतरतो, आणि गोळा दोन्ही हातांवर खेळवीत फडक्यासारखा पसरतां येतो. जाळें नसतें, तर पालथ्या मडक्यावर पडण्यापूर्वींच ती रोटी फाटली असती.

केकाचें काम याच्या उलट आहे. लोणी व साखर फेटतांना साखरेचे कण लोण्यांत हवा कोंडतात. मिश्रण फिकट व हलकें होतें. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करीत नाहीं. आधीं कोंडलेलेच फुगविते. म्हणून फेटण्याचे सारे श्रम मैदा पडण्यापूर्वीं करावे. लोणी मऊ असावें, पण वितळलेलें नसावें. त्यांत हवा टिकत नाहीं. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यांत हें विशेष संभाळावें. अंडीं एकेक करून घालावीं, नाहींतर मिश्रण फुटतें. मैदा घातल्यावर मात्र कोरडें पीठ दिसेनासें होईपर्यंतच चमच्यानें वरखालीं करावें. अधिक घोटल्यास जाळें बनतें, केक चिवट होतो व कापल्यावर आंत लांबट पोकळ्या दिसतात.

तिसरी रीत मोहनाची. शंकरपाळ्यांच्या पिठांत गरम तूप चोळतात. मुठींत दाबून मुटका वळला कीं मोहन पुरेसें झालें, हें गृहिणी जाणतात. पिठाच्या कणांवर तुपाचें वेष्टन बसल्यानें त्यांस पाणी कमी पोंचतें, जाळें तोकडें राहतें व पदार्थ खुसखुशीत होतो. नानकटाईंत तूप भरपूर आणि पाणी जवळजवळ नसतेंच, म्हणून ती तोंडांत विरघळते.

येणेंप्रमाणें पीठ तेंच व हातही तेच. परंतु श्रम केव्हां करावे व केव्हां थांबावें, यावर फळ अवलंबून असतें. हें ज्ञान आपल्या माता अनुभवानें बाळगून असतात. शाळा केवळ त्याचें कारण सांगते. तरी सुटींत मुलगे स्वयंपाकघरांत शिरले, तर पालकांनीं त्यांस हंसून परत पाठवूं नये, ही विनंती.

आमच्या विद्यार्थ्यांनीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां केक केला, आणि मैदा पडतांच हात आवरला. मावशींनीं पहिला तुकडा खाऊन पाहिला, आणि येत्या रविवारीं त्यांना रोटी शिकविण्याचें आपण होऊन कबूल केलें.