काळी पानं आणि खरखरीत कैरी

प्रश्न : हापूसच्या कलमांवर दर हंगामात तुडतुड्यांसाठी फवारण्या करतो. यंदा मोहोर बरा टिकला, पण कैऱ्यांची साल तपकिरी, खरखरीत झाली. औषधाचा गुण गेला की तुडतुडेच त्याला सरावले?
— एक बागायतदार, धामापूर (ता. मालवण)

उत्तर : तुम्ही सांगता तो डाग तुडतुड्यांचा नव्हे. ही लक्षणं फुलकिड्यांची आहेत.

तुडतुडा चार-पाच मिलिमीटरचा, पाचरीच्या आकाराचा. फांदी हलवली की उड्या मारतो आणि पानांवर पावसाचे थेंब पडल्यासारखी टपटप ऐकू येते. मोहोराच्या कोवळ्या दांड्यात सोंड खुपसून तो रस ओढतो, मादी तिथेच अंडी घालते. मोहोर सुकून गळतो. त्याच्या शरीरातून पडणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसून पाहा, निघते.

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळसर, पंखांना झालर. तो साल खरवडतो आणि पाझरणारा रस शोषतो. खरवडलेला भाग आधी रुपेरी दिसतो, मग तपकिरी. कैरी वाढते तसा डागही पसरतो. तो कितीही पुसा, जात नाही. खात्री करायची तर मोहोर किंवा कोवळी पालवी काळ्या कागदावर हलकेच झटका. पिवळे ठिपके धावू लागले की समजा.

दोघांना मानवणारी हवाही वेगळी. तुडतुड्याला दाट, सावलीची, दमट बाग लागते. तुमच्याकडे १५३० सालच्या धामापूर तलावाभोवती गर्द झाडी आहे, तिथल्या बागांनी हे ध्यानात ठेवावं. फुलकिडा कोरड्या हवेत, ऊन तापू लागलं की वाढतो.

आता फवारणीचं. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या गटातली औषधं पुन्हा पुन्हा मारली की मित्रकीटक मरतात आणि फुलकिड्यांना रान मोकळं मिळतं. फुलकिड्यांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत स्पिनोसॅड आहे. मात्रा चालू वर्षाच्या वेळापत्रकातूनच घ्या, शेजाऱ्याच्या अंदाजाने नको. आणि कळकळीने सांगतो, मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारू नका. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, त्या मेल्या तर फळ धरायचं कसं?

काढणी संपली की कलमाच्या मधल्या दाट फांद्या विरळ करून ऊन आत येऊ द्या. तुडतुड्यांचा जोर त्यानेच बराच उतरतो, मग फवारण्याही कमी लागतात.