नोंद एका जागी, साक्ष दुसऱ्या जागी

बेळगाव व निपाणी भागातील शेतकऱ्यास जमिनीच्या उताऱ्याचे मोल सांगावे लागत नाही. वारसा, वाटणी, खरेदी, पीककर्ज या सर्वांचा आधार तोच. 1956 पूर्वी हा प्रदेश तत्कालीन मुंबई राज्यात होता. तेथील जमीन महसूल कायद्यात एक दूरदर्शी तरतूद होती. फेरफार वहीत नोंद होताच तिची पूर्ण प्रत त्याच वेळी चावडीवर लावावी व संबंधितांस लेखी कळवावे, असा तो नियम. 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्यानेही तो कायम ठेवला. वही तलाठ्याच्या दप्तरात असे. पण वहीत काय लिहिले याची साक्ष दप्तराबाहेरही राहत असे.

2000 च्या सुमारास कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली हे उतारे संगणकावर आले. कागदावरील खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकावरील बदल मागे डाग ठेवत नाही. म्हणूनच ‘लॉग’ म्हणजे कार्यनोंदीचे महत्त्व वाढते.

कार्यनोंद म्हणजे काय?

संगणकावर चालणारी प्रत्येक प्रणाली आपल्या कामाचे टिपण ठेवू शकते. कोण आत आला, कोणती नोंद उघडली, काय बदलले, किती वाजता, कोणते काम अडले, हे त्यात ओळीने लिहिले जाते. मात्र हे टिपण त्याच संगणकावर राहिले, तर त्या यंत्राचा ताबा मिळविणारा मूळ नोंदही बदलतो आणि बदलाचा मागही पुसतो. यास्तव टिपणाची प्रत दूरच्या नोंद-सर्व्हरवर पाठविणे अगत्याचे ठरते.

1986 मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात 75 सेंटांची तफावत आढळली. क्लिफर्ड स्टोल यांनी तिचा माग काढता एक घुसखोर सापडला. त्याची प्रत्येक कृती स्टोल यांनी स्वतंत्र छपाईयंत्रांवर कागदावर उतरवून घेतली. संगणकात शिरलेल्यास त्या कागदापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. अखेर हा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला.

पाळावयाचे नियम

1. प्रत तत्क्षणी जावी. रात्री एकदा पाठविण्याची पद्धत ठेवल्यास पुसणाऱ्यास दिवसभराचा अवधी मिळतो.

2. मार्ग सुरक्षित असावा. ‘सिसलॉग’ची जुनी पद्धत यूडीपी मार्गे, 514 क्रमांकाच्या पोर्टवरून चाले. ती साध्या टपालासारखी होय. पोच नाही आणि वाटेत कोणीही वाचावे. 2009 मध्ये टीएलएस या सांकेतिक आवरणातून नोंदी पाठविण्याचे मानक ठरले. त्याचा पोर्ट 6514. पाठविणारा व घेणारा या दोघांनीही परस्परांची प्रमाणपत्रे तपासावीत. अन्यथा मोहोरबंद लखोटा भलत्याच्याच हाती पडावयाचा.

3. संपर्क तुटल्यास नोंदी हरवू नयेत. पावसाळ्यात तारा तुटतात, वीज जाते. अशा वेळी नोंदी डिस्कवरील रांगेत साठाव्यात व संपर्क येताच क्रमाने पुढे जाव्यात.

4. घड्याळे जुळलेली असावीत. दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय घडले हेच ठरत नाही. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांत घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविणे व नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक केले आहे.

5. अधिकार विभागलेले असावेत. तालुक्याचे यंत्र सांभाळणाऱ्यास दूरच्या सर्व्हरवरील ओळ पुसण्याचा अधिकार नसावा.

6. संकेतशब्द, आधार क्रमांक यांसारखी गुपिते कार्यनोंदीत मुळीच लिहू नयेत.

केवळ साठवण पुरेशी नाही

नोंदी वाचणारा कोणी नसेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय. वेळोवेळी एक चाचणी-ओळ पाठवून ती पोहोचली की नाही हे पाहावे. एखाद्या कार्यालयाच्या नोंदी अचानक थांबल्या, तर ती शांतता हीच धोक्याची सूचना समजावी. शाळेचे गुणपत्रक असो वा सहकारी संस्थेचे खाते, नियम सर्वत्र हाच आहे.

ज्याच्या नावे चार गुंठेच जमीन आहे, त्याला उताऱ्यातील एक ओळ बदलली तरी घर गमवावे लागते. त्याच्याजवळ वकिलाचे बळ नसते. असते ती केवळ नोंदीची साक्ष. चावडीवरील त्या प्रतीचे काम आता दूरच्या सर्व्हरकडे आले आहे. ते तितक्याच निष्ठेने व्हावयास हवे.