अडकलेली झडप

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला किमान दोन झडपा असतात. एक हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेते. दुसरी जळालेला वायू बाहेर सोडते. या दुसरीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. दोघींत कष्टाचे काम तिच्याच वाट्याला आलेले आहे. इंजिनावर भार असताना तिचे तोंड सुमारे 700 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तशाही स्थितीत तिला मिनिटाला हजाराहून अधिक वेळा उघडावे-मिटावे लागते. तिचा दांडा गाईड नावाच्या अरुंद नळीत सरकतो. दांडा आणि गाईड यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. तीत काजळी साचली किंवा गंज चढला, की झडप जागच्या जागी धरली जाते.

फोक्सवॅगन कंपनीच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीत, हा बिघाड अनेकदा आढळतो. या व्हॅनची कल्पना बेन पॉन या डच आयातदाराने 1947 साली कागदावर रेखाटली आणि 1950 साली जर्मनीत तिचे उत्पादन सुरू झाले. अशा कित्येक गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या. पुढे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्या जहाजाने ब्रिटनमध्ये येऊ लागल्या, कारण तेथील दमट हवेत गंजून गेलेल्या गाड्यांपेक्षा त्यांचा पत्रा शाबूत असे. गिऱ्हाईक पत्रा बोटांनी वाजवून पाहते. इंजिन हाताने फिरवून पाहणारे थोडेच. वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी समुद्र ओलांडून आली आणि ओल्या हिवाळ्यात पुन्हा उभीच राहिली, तर पत्रा चकचकीत असूनही आतली झडप अडकलेली असू शकते.

त्याचे कारण असे. इंजिन थांबते तेव्हा कोणती ना कोणती एक्झॉस्ट झडप उघडी राहते. धुराच्या नळीतून दमट हवा तिच्यापर्यंत पोहोचते आणि उघड्या दांड्यावर गंज धरतो. शिवाय हे इंजिन पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या हवेने थंड होते. जुन्या रचनेत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणातच बसवलेला असे. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळे व त्याची झडप इतरांपेक्षा लवकर जळे. 1600 सीसीच्या इंजिनात 1971 सालच्या मॉडेलपासून कूलर बाजूला हलवण्यात आला आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली.

पाठगत प्रश्न : तिसऱ्या सिलिंडरची झडप अधिक का तापत असे? पत्रा चांगला असूनही इंजिन बिघडलेले कसे असू शकते?

अशा गाडीचा मालक पहिली चूक करतो ती स्टार्टर फिरवण्याची. झडप मिटलेल्या स्थितीत धरली असेल, तर तिला ढकलणारा पुशरॉड वाकतो. उघडी राहिली असेल, तर पिस्टन तिच्यावर आदळण्याचा धोका असतो. म्हणून आधी बॅटरीची तार सोडवावी, चारही स्पार्क प्लग काढावेत आणि पाना लावून इंजिन हातानेच सावकाश फिरवावे. कोठे अडले, तर तेथेच थांबावे. त्यानंतर तारेच्या पकडीने बसवलेले रॉकरचे झाकण उघडावे. खाली भांडे ठेवावे, कारण तेल सांडतेच. रॉकर सैल लोंबत असेल आणि त्या झडपेचे टोक इतरांपेक्षा आत गेलेले दिसत असेल, तर दोषी सापडली.

आता घाई नको. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे झडपांचे दांडेही आडवेच. उभ्या इंजिनात वरून टाकलेले गंज सोडवणारे तेल आपोआप खाली झिरपते. येथे ते तसे आत उतरत नाही. ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, जमल्यास धुराची नळी काढून त्या बाजूनेही फवारावे लागते आणि मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी लागते. धुराच्या नळीचे गंजलेले नटही याच तेलाने भिजवावेत. जोर केल्यास बोल्ट तुटतो आणि एका कामाची दोन कामे होतात. गॅसच्या ज्योतीने हेड तापवण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. जवळच पेट्रोलची नळी असते, फवारलेले तेलही पेट घेते आणि या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. मॅग्नेशियमची आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

रॉकर काढून, पिस्टन झडपेपासून दूर नेऊन, दांड्याच्या टोकावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने सरळ रेषेत हलके ठोके द्यावेत. झडप केसभर आत जाते आणि स्प्रिंग तिला मागे ढकलू पाहते. तेल, ठोका, पुन्हा तेल, असे करता करता ती मोकळी होते. दांड्याला पक्कडीने धरून पिळू नये, कारण त्यावर ओरखडा पडला तर तो पुढे गाईडच खातो.

झडप मोकळी झाली म्हणजे ती बरी झाली असे नाही. इंजिन थंड असताना फिलर गेजने फट तपासावी. उत्तरकालीन 1600 सीसीच्या इंजिनात ती 0.15 मिलिमीटर ठेवतात. मग चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. एकाचा दाब इतरांहून बराच कमी भरला, किंवा झडप पुन्हा अडकली, तर इंजिन खाली उतरवून हेड काढण्यावाचून गत्यंतर नाही. या टप्प्यावर अनेक मालक कचरतात, कारण सहलीचे दिवस जवळ आलेले असतात. परंतु जुन्या एक्झॉस्ट झडपेचे तोंड दांड्यापासून तुटले, तर ते सिलिंडरमध्ये पडून पिस्टन आणि हेड दोन्ही फोडते. त्यापुढे नव्या झडपेची किंमत काहीच नाही. म्हणून हेड एकदा उघडले, की जाणता मिस्त्री एक नव्हे, चारही एक्झॉस्ट झडपा बदलतो आणि जुन्या पुन्हा वापरत नाही.