समुद्रावर वाट कोणी द्यावयाची?

नकाशावरील महासागराचा अफाट निळा पट्टा पाहून विद्यार्थी आम्हांस पुष्कळदा विचारतात की, एवढ्या मोकळ्या पाण्यावर दोन जहाजांची टक्कर होतेच कशी? प्रश्न रास्त आहे. समुद्र अफाट असला तरी जहाजांच्या वाटा तशा नसतात, हे त्याचे पहिले उत्तर होय. वेळ व इंधन वाचावे म्हणून प्रत्येक कप्तान जवळची वाट धरतो; आणि या साऱ्या वाटा सामुद्रधुन्यांत, भूशिरांजवळ व बंदरांच्या मुखाशी एकत्र येतात.

दुसरे उत्तर असे की, जहाजाला मोटारीसारखा ब्रेक नसतो. पूर्ण वेगाने चाललेले मोठे तेलवाहू जहाज यंत्रे उलटी फिरविली तरी कित्येक किलोमीटर पुढे जाऊन मगच थांबते. येथे थोडे गणित करू. दोन जहाजे प्रत्येकी ताशी २० सागरी मैल वेगाने समोरासमोर येत आहेत असे समजा. त्यांच्यामधील अंतर तासाला ४० सागरी मैलांनी कमी होते. म्हणजे १० सागरी मैलांवर दिसलेले जहाज अवघ्या पाव तासात आपल्यापुढे येऊन ठाकते. एक सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

अशा वेळी दोन्ही कप्तान एकमेकांस ओळखत नाहीत, त्यांची भाषा एक असतेच असे नाही, आणि त्यांच्यामध्ये उभा राहणारा पोलीसही नाही. तरीसुद्धा रोज सहस्रावधी जहाजे एकमेकांजवळून सुखरूप जातात. हे कसे साधते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

शिडांच्या काळी जहाजाची गती वाऱ्याच्या स्वाधीन असे. पुढे आगबोटी आल्या, वेग वाढला आणि अपघातही वाढले. इंग्लंडातील ट्रिनिटी हाउस या संस्थेने १८४० साली आगबोटींसाठी नियम तयार केले. १८६३ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी एकच नियमावली पत्करली, व मागाहून इतर अनेक राष्ट्रांनी ती मान्य केली. १८८९ साली वॉशिंग्टन येथे या विषयावर मोठी परिषद भरली. सध्या जे आंतरराष्ट्रीय नियम चालू आहेत ते लंडन येथे १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. परंतु त्यांचा गाभा तोच आहे.

प्रथम दिव्यांची भाषा समजून घेऊ. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हातास हिरवा दिवा असतो व डाव्या हातास तांबडा. यांतील प्रत्येक दिवा अगदी समोरपासून आपापल्या बाजूस ११२.५ अंशांपर्यंत दिसतो. मागील बाजूचा पांढरा दिवा १३५ अंशांत दिसतो. या तिन्हींची बेरीज विद्यार्थ्यांनी करून पाहावी. ती बरोबर ३६० अंश भरते. याखेरीज यंत्रावर चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर पुढून दिसणारा पांढरा दिवा असतो. जहाज ५० मीटर किंवा त्याहून लांब असल्यास असे दोन दिवे असतात, आणि मागचा दिवा पुढच्याहून उंच असतो. एवढ्या खुणांवरून काळोख्या रात्रीही समोरचे जहाज कोणीकडे तोंड करून चालले आहे हे जाणत्या खलाशास कळते. हिरवा व तांबडा हे दोन्ही दिवे एकदम दिसू लागले, की ते जहाज सरळ आपल्यावर येत आहे असे समजावे.

आता धोका ओळखावयाचा कसा? याची रीत फार जुनी व फार सोपी आहे. होकायंत्रावरून समोरच्या जहाजाची दिशा पाहावी, काही मिनिटांनी पुन्हा पाहावी. दिशा चांगली बदलत असेल तर ते जहाज बहुधा आपल्या पुढून किंवा मागून निघून जाईल. दिशा तीच राहून अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली आहे असे समजून वागावे.

हे असे का, ते भूमितीने सहज सिद्ध होते. समुद्रावर ‘क’ हा एक बिंदू घ्या. ‘अ’ हे जहाज त्याच्या दक्षिणेस १२ मैलांवर असून ताशी १२ मैल वेगाने उत्तरेकडे चालले आहे. ‘ब’ हे जहाज ‘क’च्या पूर्वेस ९ मैलांवर असून ताशी ९ मैल वेगाने पश्चिमेकडे चालले आहे. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे या वेळी दोन जहाजांमधील अंतर १५ मैल आहे. अर्ध्या तासाने ‘अ’ हे ‘क’पासून ६ मैलांवर व ‘ब’ हे ४.५ मैलांवर येईल, आणि त्यांच्यामधील अंतर ७.५ मैल होईल. पहिला व दुसरा असे दोन्ही त्रिकोण काढून पाहा. ते समरूप आहेत; म्हणजे ‘अ’वरून ‘ब’ ज्या कोनात दिसत होते त्याच कोनात अजूनही दिसते, मात्र अंतर निम्मे झाले आहे. आणखी अर्ध्या तासाने दोन्ही जहाजे एकाच वेळी ‘क’वर पोहोचतील. विशेष हे की, अ-जहाजावरील बेसावध माणसास ‘ब’ जागच्या जागी स्थिर असल्यासारखे वाटते. आणि जे स्थिर दिसते त्याची भीती मनुष्यास वाटत नाही. सतत टेहळणी ठेवावी, असा नियम याचसाठी आहे.

मग वाट कोणी द्यावयाची? यंत्रावर चालणाऱ्या दोन जहाजांच्या वाटा एकमेकींस छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हातास दुसरे जहाज असेल त्याने वाट द्यावी, आणि होता होईल तो दुसऱ्याच्या पुढून जाऊ नये. वरील उदाहरणात ‘ब’ हे ‘अ’च्या उजवीकडे आहे; म्हणून ‘अ’ने उजवीकडे वळून ‘ब’च्या मागून जावयाचे. रात्रीची वेळ असेल तर ‘अ’ला ‘ब’चा तांबडा दिवा दिसेल व ‘ब’ला ‘अ’चा हिरवा, जणू दिवेच एकास ‘थांब’ व दुसऱ्यास ‘जा’ असे सांगतात. दोन जहाजे अगदी समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे. मागून येऊन पुढे जाऊ पाहणाऱ्याने पुढच्यापासून दूर राहावे.

ज्यास वाट मिळावयाची त्याच्यावरही कर्तव्य आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याने आपली दिशा व वेग तसाच ठेवावयाचा असतो. कारण तो मध्येच वळला तर वाट देणाऱ्याचा हिशेब चुकतो. पण दुसरा वाट देत नाही असे दिसले, तर त्याला स्वतः हालचाल करण्याची मोकळीक आहे. आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही अशी वेळ आली, की टक्कर टाळण्यासाठी जे उत्तम ते करणे त्यास बंधनकारकच आहे. ‘वाट माझी होती’ एवढे म्हणून कोणताही कप्तान समुद्रावर मोकळा होत नाही.

नियमांतील आणखी एक आज्ञा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वाट द्यावयाची ती वेळेवर द्यावी, आणि दुसऱ्यास दिसेल एवढी मोठी हालचाल करून द्यावी. थोडे थोडे अनेकदा वळू नये. मनातल्या मनात वाट देऊन चालत नाही. दिली हे दुसऱ्यास कळावे लागते. भोंग्याचे इशारेही याचसाठी आहेत. जहाजे एकमेकांस दिसत असता एक आखूड भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘माझी यंत्रे उलटी चालू आहेत’, आणि पाच किंवा अधिक म्हणजे ‘तुमचा बेत मला कळत नाही’.

ही आज्ञा किती मोलाची आहे ते एका घटनेवरून दिसेल. २५ जुलै १९५६ च्या रात्री ‘आंद्रेआ दोरिया’ हे इटलीचे भव्य प्रवासी जहाज जेनोआहून न्यूयॉर्कला येत होते, आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडनचे जहाज न्यूयॉर्कहून निघून पूर्वेकडे चालले होते. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ दाट धुके होते. धुक्यातही इटालियन जहाजाने वेग थोडासाच कमी केला होता. दोन्ही जहाजांवर रडार होते, आणि दोघांनीही एकमेकांस पुष्कळ आधी रडारवर पाहिले होते. परंतु इटालियन जहाजावर समजूत झाली की, समोरचे जहाज आपल्या उजवीकडून जाईल. म्हणून मधले अंतर वाढविण्यासाठी त्याने ४ अंश डावीकडे वळण घेतले. स्वीडिश जहाजावर समजूत होती की, समोरचे जहाज आपल्या डावीकडे आहे. ते उजवीकडे वळले. चार अंशांचे वळण दुसऱ्यास कळण्याजोगे नव्हते. दिवे डोळ्यांना दिसले तेव्हा एकाने डावीकडे व दुसऱ्याने उजवीकडे सुकाणू फिरविले, आणि ‘स्टॉकहोम’चे मजबूत टोक ‘आंद्रेआ दोरिया’च्या उजव्या कुशीत घुसले. इटालियन जहाजावरील ४६ व स्वीडिश जहाजावरील ५ माणसे प्राणास मुकली. ‘इल द फ्रान्स’ हे फ्रेंच जहाज हाक ऐकून मागे फिरले व इतर जहाजांसह मदतीस धावले, म्हणून शेकडो जीव वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आंद्रेआ दोरिया’ बुडाले. दोन्ही कंपन्यांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. त्यामुळे दोष कोणाचा याचा निवाडा न्यायालयाने दिलाच नाही. पण धडा स्पष्ट आहे. यंत्राने दाखविले होते. माणसांनी अपुऱ्या माहितीवर तर्क केला, आणि तो तर्क एकमेकांस कळविला नाही. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अनुमान बांधू नये, असे आजच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे.

तेव्हापासून साधने पुष्कळ वाढली. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ साली येणाऱ्या व जाणाऱ्या जहाजांच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. आपले नाव, स्थान, दिशा व वेग आपोआप कळविणारे यंत्र मोठ्या जहाजांवर असते. तथापि संकट टळले असे नाही, हे मुंबईकरांस तरी सांगावयास नको. ७ ऑगस्ट २०१० रोजी, दिवसाढवळ्या, मुंबई बंदराच्या मुखाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. मनुष्यहानी झाली नाही. पण मालाच्या पेट्या समुद्रात पडून तरंगू लागल्या, तेल किनाऱ्यास लागले आणि कोळी बांधवांच्या धंद्यास फटका बसला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली व १५ जीव गेले.

कोकणच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. लाकडी होडी रडारवर नीट उमटेलच असा भरवसा नसतो. उंच जहाजाच्या टोकाखालचे पाणी तर वरच्या माणसास दिसतच नाही. म्हणून ज्या घरची माणसे रात्री जाळी टाकावयास जातात, त्या घरच्या मुलांनी हा लेख वडिलांस वाचून दाखवावा अशी आमची इच्छा आहे. दिवे नियमाप्रमाणे लावलेले असावेत, एक माणूस जागा असावा, आणि मोठे जहाज आपणांस पाहत आहे असे कधीही गृहीत धरू नये. मासेमारीत गुंतलेल्या होडीस यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने वाट द्यावी असा नियम आहे खरा. परंतु जे दिसलेच नाही त्यास वाट कोण देणार?

वाट देणे म्हणजे हार खाणे, अशी एक समजूत तरुण मनात असते. समुद्राच्या नियमांत वाट देणाऱ्यास कोठेही कमी लेखलेले नाही. त्याच्याकडे एक काम सोपविले आहे, आणि ते त्याने लवकर व दुसऱ्यास दिसेल अशा रीतीने करावयाचे आहे, एवढेच. सायकलीवरून गर्दीतून जाताना, किंवा घरात दोन भावंडांचा वाद पेटू लागला असता, हा नियम विद्यार्थ्यांनी लावून पाहावा. सुकाणू फिरवावयाचेच असेल तर अंतर असतानाच फिरवावे.